दोन मीटर दहा

तिहोमीरचा चर माझ्या खांद्याच्या उंचीवर निघाला. शुक्रवार होता, सकाळचे साडेआठ. क्रेनचा पाया बसवायला बिल्डरच्या माणसांनी जागेच्या न खणलेल्या कोपऱ्यात यंत्राने दोन बाय दोनचा खोल खड्डा मारला होता. त्याच्या भिंती एकदा नजरेखालून घालाव्यात, वहीत दोन ओळी लिहाव्यात आणि वर येऊन कॉफी प्यावी, एवढ्याच विचाराने मी शिडी उतरले होते. कापलेली भिंत मी वरून खाली वाचते, पेपर वाचावा तशी. वर डांबर, मग पार्किंगची खडी, मग विटामातीचा राडारोडा, मग जुन्या उन्हाळी थिएटरची बारीक पांढरी वाळू. त्या वाळूतून एक काळपट भर सरळ खाली उतरली होती. दोन्ही कडा ओळंब्यात, तळ सपाट, आणि तळाशी पिवळ्या मातीवर उपडा घातलेला राकियाचा, आमच्या फळांच्या दारूचा, एक छोटा ग्लास. इतका सरळ चर आमच्या गावात एकाच माणसाने खणला होता. मी त्या ग्लासाकडे बघत राहिले, आणि मग नजर सवयीने आणखी खाली गेली. ग्लासाखाली हातभर पिवळी, स्वच्छ माती, आणि तिच्याखाली, जिथे काहीच असायला नको होतं तिथे, चार बोटं जाडीचा काळा पट्टा.

आमच्या भाषेत झ्द्रावित्सा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. लग्नात, बारशाला, ग्लास उचलून कुणाच्या आरोग्यासाठी चार शब्द बोलतात ती झ्द्रावित्सा. आणि खणताखणता जिथे माणसाची शेवटची खूण संपते ती तळाची कोरी माती, तीही झ्द्रावित्सा. झ्द्राव म्हणजे निरोगी. माणसाचा हात न लागलेली माती निरोगी, म्हणजे वरचे सगळे थर, मग ती रोमन फरशी असो की माझ्या लहानपणीचा आइस्क्रीमवाला, हा सगळा आजारच. चाळीस वर्षं हे काम केल्यावर मला त्यात फारसं चूक वाटत नाही. झ्द्रावित्सा लागली की चर संपतो. वहीत खोली लिहायची, सही करायची. मग मजुरांतला सगळ्यात वयस्कर माणूस तळाशी उभा राहून झ्द्रावित्सेवर झ्द्रावित्सा म्हणतो, घोटभर मातीला पाजतो आणि ग्लास तिथेच उपडा ठेवतो, म्हणजे पुढे कधी कुणी खणलं तर त्याला कळावं की इथवर येऊन गेलेत. पण आमच्या गावात एक लबाडी आहे आणि ती साव्हा नदीची आहे. मोठा पूर आला की ती गाळ टाकून जाते, पिवळा, मऊ, एकसारखा. हजार-दोन हजार वर्षांनी तो झ्द्रावित्सेसारखाच दिसतो, डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून आमच्याकडे माती तोंडात घालतात. चिमूटभर, पुढच्या दातांमध्ये. खरी झ्द्रावित्सा पिठासारखी विरते. पुराच्या गाळात कुठेतरी एखादा कण असतो, आणि भातात खडा लागावा तसा तो दाताखाली येतो. हे पुस्तकात दिलेलं नाही, कुणाच्या तरी हाताखाली शिकायचं असतं. मला तिहोमीरने शिकवलं होतं.

"बाई, बघितलंत?" वरून तियानाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती शिडीवरून खाली आली. तियाना माझी सहायक, बत्तीस वर्षांची, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे माहीत असलेली. तिने करणीचं टोक पट्ट्यात खुपसलं. "कोळसा. भाजलेली माती. खाली वस्ती आहे, बाई. आणि आपण चार महिने या पिवळ्यावर चहापाणी करतोय."

"दिसतंय मला."

"दोन मीटर दहावर झ्द्रावित्सा. असं छातीठोक लिहिलंय त्या कुझ्मानोविचने, एकोणनव्वदच्या अहवालात. त्या चौदा पानांच्या भरवशावर आपण सगळी जागा दोन मीटर दहाला थांबवली."

"थांबवली मी. तू नाही."

"तुम्ही त्यांच्या शब्दावर थांबवलीत. मला कळत नाही, त्यांना तोंड नव्हतं का? एक चिमूट चाखायला काय जात होतं?"

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, त्याच क्षणी, शिडीच्या पायाशी. माणूस मोठ्या प्रसंगी खोटं बोलतो असं नाही. बहुतेक वेळा तो नुसता गप्प बसतो आणि समोरचं माणूस पुढच्या वाक्यावर जातं. तियाना पुढच्या वाक्यावर गेली. आजच काम थांबवायचं पत्र द्यायला हवं, कारण सोमवारी पहाटे काँक्रीट येणार होतं. परवानग्यांचं कार्यालय तीनला बंद होणार होतं. पत्राचा मसुदा ती करेल, मी फक्त सही करायची. अर्ध्या तासात तिने तो आणूनही दिला. "सन १९८९ मध्ये उत्खनक तिहोमीर कुझ्मानोविच यांनी पुराच्या गाळास चुकीने झ्द्रावित्सा ठरवल्यामुळे," अशी सुरुवात होती. नावाखाली तिने रेघसुद्धा ओढली होती. आम्ही खापरांवर पोट भरणारी माणसं. खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते तरी आम्हाला चटकन कळतं.

त्या चौदा पानांखेरीज तिहोमीरचं या गावात काही उरलेलं नाही. घर विकलं गेलं, वडिलांच्या थडग्यावर नाव वडिलांचं आहे. बत्तीस वर्षं तो कॅनडात आहे, खिडक्यांच्या कारखान्यात होता, आता निवृत्त झालाय. तिकडे गेल्यावर त्याने कधी माती खणली नाही. आमच्या कपाटात एक पातळ निळा अहवाल आहे, त्यावर त्याचं नाव छापलेलं आहे, आणि मी वर्षातून दोनदा तरी काही निमित्त काढून तो बाहेर काढते. आता त्या निळ्या अहवालाला हे पत्र टाचलं जाणार होतं. पुढची पोरं हसणार होती. तिहोमीरची झ्द्रावित्सा, असा शब्दच पडेल, अशा गोष्टींना आमच्याकडे वेळ लागत नाही.

आणि ती झ्द्रावित्सा माझी होती.

तेव्हा इथे उन्हाळी थिएटर होतं. उघड्यावरचा पांढऱ्या भिंतीचा पडदा, लाकडी खुर्च्या, कुंपणाला लागून अक्रोडाची तीन झाडं. त्या जागी सहा मजली बाजारपेठ बांधायचं ठरलं होतं (ती कधीच झाली नाही) आणि त्याआधी खणून बघायचं काम तिहोमीरला मिळालं. त्याचं पहिलं स्वतंत्र काम. तो एकोणतीस वर्षांचा, मी सत्तावीस. पडद्यासमोर चर घेतला होता. दिवस मावळला की चरावर फळ्या टाकायच्या, आणि सिनेमाला आलेली माणसं त्या फळ्यांवर खुर्च्या मांडून बसायची. सकाळी फळ्या उचलल्या की चरात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पडलेली असायची आणि तिहोमीर गंभीरपणे म्हणायचा, "विदा, वहीत लिही, सर्वात वरचा थर, सूर्यफूल संस्कृती." त्याला करणी डाव्या गुडघ्यावर पुसायची सवय होती. त्याच्या सगळ्या विजारी डाव्या गुडघ्यावर विटलेल्या असायच्या, उजवीकडे नव्या. बारा आठवडे मी ते गुडघे बघितले. प्रेम म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी काही फार शहाणपणाचं बोलू शकणार नाही, पण विटलेली निळी विजार मला अजून दिसते, दुकानात तशा रंगाचं कापड दिसलं तरी माझी पावलं थबकतात. चर मिटला की येत्या रविवारी मामाला घेऊन तुझ्या वडिलांकडे येतो, असं त्याने सांगितलं होतं. चर मिटला की. बुधवार होता. तो वर उभा राहून समितीच्या कुणा माणसाशी बोलत होता, मी आणि मजुरांतले सगळ्यात वडील येफ्ताकाका खाली होतो. काकांनी फावड्याने शेवटचा काळा थर खरवडला आणि खाली पिवळं निघालं, एकसारखं, स्वच्छ, बघून डोळे निवावेत असं. वरून तिहोमीर म्हणाला, "विदा, बघ गं, लागली का?" मी चिमूट घेतली. दातांत धरली. ती विरली, पिठासारखी विरली, आणि अगदी शेवटी एक कण दाताखाली आला. एकच. मी म्हटलं, तो माझ्या नखातला असेल. थिएटरची वाळू असेल, ती तर आमच्या केसांतसुद्धा असायची. मला दुसरी चिमूट घेता आली असती. मी घेतली नाही. मला रविवार हवा होता. "लागली," मी म्हटलं. तो शिडी न वापरता खाली उडी मारून आला, वाकला, उठला, हाताच्या पाठीने ओठ पुसले, माझ्याकडे बघून हसला, आणि वहीत सही केली. दोन मीटर दहा. मग येफ्ताकाकांनी ग्लास उचलला. "ज्यांनी इथे काही ठेवलं नाही त्यांच्या आरोग्यासाठी," ते म्हणाले, "आणि जे ठेवणार आहेत त्यांच्याही." दुसरं वाक्य आम्हा दोघांकडे बघून होतं. मी लाजले होते.

दहाच्या सुमाराला बिल्डर आला. ओब्राद नावाचा गोरागोमटा, घामाघूम माणूस, वाईट नव्हे. चार महिने रोज सकाळी तो आमच्यासाठी तेलकट कागदात बुरेक, सारण भरलेली खारी, आणतो. पुराणवस्तू खात्याला खाऊ घातलं की ते लवकर खणतात अशी त्याची समजूत आहे.

"बाई, चीजचं आहे. मटणाचं तुम्ही खात नाही, माहितेय मला."

"ओब्राद, आज बुरेकने भागायचं नाही."

त्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं. "हे काय, मुळं असतील हो ती. अक्रोडाची."

"अक्रोड स्वतःची मुळं भाजून घेत नाही."

"फ्लॅट विकून झालेत, लोकांनी खिडक्यांच्या पडद्यांची मापं नेलीत, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर माझी सासू जायची आहे. तुम्हाला कल्पना नाही ती सध्या कुठे राहते."

"कुठे राहते?"

"माझ्याकडे."

मला हसू आलं. मग तो कपाळ पुसत म्हणाला, "कुणाची चूक आहे ही? मला निदान शिव्या द्यायला एक नाव तरी द्या." तियानाने लगेच नाव दिलं. "कुझ्मानोविच," ओब्रादने जिभेवर घोळवलं, "म्हणजे कोसाराचा भाऊ ना, बाजारात कोबी विकते ती? पळून गेला तो?" मी बुरेकचा कागद घडी करत राहिले. घडी नीट आली, चारी कोपरे जुळले.

पळून गेला असं म्हणतात खरं. रविवारी तो आला, मामा आला, वडिलांनी होकार दिला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात लग्न करायचं ठरलं, आणि महिनाभर आधी माझे वडील गेले. आमच्याकडे वर्षभर सुतक पाळतात. काळ्या कपड्यांत लग्न कुठलं. थांबू, तो म्हणाला, एक वर्ष काय पळून जातंय. एक वर्ष नुसतं पळून गेलं नाही, त्या वर्षाने जाताना सगळंच बरोबर नेलं. एक्क्याण्णवच्या सप्टेंबरात नदीपलीकडे युद्ध पेटलं, तोफा ऐकू यायला लागल्या आणि घराघरांत सैन्याचे कागद यायला लागले. तिहोमीरचा कागद मंगळवारी आला, बुधवारी सकाळी तो हंगेरीच्या बसमध्ये होता. माणसांवर बंदूक रोखायला तो तयार नव्हता. ज्याने मातीतल्या हाडांवरसुद्धा कधी जड पाय टाकला नाही त्याला मी पळपुटा म्हणू शकत नाही, गावाने खुशाल म्हणावं. "तू चल," तो म्हणाला. मी म्हटलं, धान्यबाजारातला माझा चर उघडा आहे, तो तसा टाकून कशी येऊ. झ्द्रावित्सा लागली की दुसऱ्या दिवशी निघते. तो समजला. हेच एक कारण होतं जे तो समजला असता, आणि ते मला माहीत होतं. बुडापेस्टहून त्याने तीनदा फोन केला. दर वेळी तेवढंच विचारलं, "लागली का, विदा?" दर वेळी मी म्हटलं, "अजून नाही." तिसऱ्या वेळी तो म्हणाला, कागद झालेत, सोमवारी विमान आहे, आता नाही थांबता येणार. मी म्हटलं, तू हो पुढे.

माझ्या आईला एकटी कशी टाकू, हे होतं. भीती होती. परक्या भाषेत मी कोण, हेही होतं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती इतक्या वेळा घासली आहेत की त्यांच्यावर आता काही नक्षी उरलेली नाही. पुढे आई बारा वर्षं जगली आणि मला रोज सांगत राहिली की जायला हवं होतंस. लग्न केलं नाही. कुणी विचारलं नाही असं नाही. दर ऑक्टोबरात, आमच्या कुळाच्या संताच्या दिवशी, स्लावाला, त्याचा फोन यायचा. पाच मिनिटं. तो विचारायचा, सध्या कुठे खणतेस, किती खोल आहेस, आणि मी आकडे सांगायची. आमच्या दोघांत तेवढीच भाषा उरली होती, पण ती आमची होती. मग वीस वर्षांपूर्वी एकदा फोनवर मागून एका लहान मुलीचा आवाज आला, इंग्रजीत काहीतरी मागणारा, आणि मी म्हटलं, पाहुणे आलेत, ठेवते. पाहुणे नव्हते. त्यानंतर फोन आला नाही. गेल्या हिवाळ्यात कोबी घेताना कोसाराने पिशवीत एक चिठ्ठी सारली. "नवा नंबर आहे त्याचा," ती म्हणाली, "वापरायचा तर वापर, नाहीतर कोबी गुंडाळ त्यात." ती चिठ्ठी मी मातीच्या रंगांच्या पुस्तकात ठेवली, जिथे पिवळ्या छटांचं पान आहे तिथे. ते पुस्तक रोज माझ्या हातात असतं. मला तो हवा होता. आजही हवा आहे. साठी उलटलेल्या बाईने असं बोलू नये म्हणतात, पण खड्ड्यात कोण ऐकतंय.

बाराला मजूर सावलीला बसले तेव्हा मी येफ्ताकाकांना बोलावलं. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, कमरेतून वाकलेत, पण मातीवरचा हात अजून कुणाला यायचा नाही. मी म्हटलं, या पिवळ्याखाली कोपऱ्यात हातभर जागा उघडा, काय आहे ते बघू. ते गुडघ्यावर बसले आणि न बोलता कामाला लागले. थोड्या वेळाने त्यांनी ब्रश मागितला. पट्ट्याखाली चोपून केलेली मातीची जमीन निघाली, तिच्यात चुलीची लालभडक भाजलेली कड, आणि चुलीवर एक मडकं. उपडं घातलेलं. भांडी घासून, चूल विझवून, मडकं पालथं घालून कुणीतरी गेलं होतं. पाणी ओसरलं की परत येणार होतं. मग गाळ बसला, मऊ, पिवळा, आणि आम्ही त्याच्यावर ग्लास ठेवला.

मी भिंतीतून गाळाची चिमूट घेतली. या चार महिन्यांत मी ती एकदाही तोंडात घातली नव्हती. दात कमजोर झालेत, असं मी स्वतःला सांगितलं होतं. धरली, विरली, आणि कण आला. एक नाही, तीन.

"येतोय ना?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"येतोय."

"तेव्हाही आला असेल."

मी बोटं विजारीला पुसली.

"पोरी, तिहोमीर वर उभा होता. खाली तू आणि मी. चाखलीस तू." त्यांनी ब्रश झटकला. "पण मी म्हातारा माणूस. मला काल काय जेवलो ते आठवत नाही, चौतीस वर्षांपूर्वीचं कुठून आठवणार? ती वरची शहाणी मला काही विचारायला येणार नाही, आणि आली तर माझा डावा कान बंद आहे."

"उजवा?"

"उजवा तिच्या बाजूला करणार नाही."

ते देत होते ते दान होतं आणि मारत होते तो टोमणा होता. त्यांनी कधीच दोन्ही वेगळे करून दिले नाहीत. मी म्हटलं, "काका, तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलू? तू असं 'लागली' म्हणालीस, जसं काही ते लग्नाचं आमंत्रणच होतं. मी फावडं टाकलं."

मी वर आले. तियाना टेबलाशी मडक्याचं चित्र काढायची तयारी करत होती. तिचा मसुदा घेऊन मी पहिली ओळ खोडली आणि वर माझ्या हाताने लिहिलं: "सन १९८९ मध्ये मातीची परीक्षा मी, विदोसावा मार्तिनोव, केली. कण लागला असूनही झ्द्रावित्सा असल्याचे सांगितले. उत्खनकाने माझ्या शब्दावर सही केली." त्याखाली माझी सही, तारीख. तियानाने वाचलं. तिचे कान लाल झाले. बराच वेळ ती पेन्सिलीला टोक करत राहिली, टोक असलेल्या पेन्सिलीला.

"बाई, मी सकाळी जे बोलले..."

"तोंड होतं," मी म्हटलं. "तोंड असून चूक झाली. हे लक्षात ठेव, तुझ्या उपयोगी पडेल. आणि पत्र घेऊन पळ, तीनला बंद होतं ते."

ती गेली. दोनला पाच मिनिटं होती. कॅनडात सकाळचे आठ वाजायला आले असतील. मी रंगांचं पुस्तक उघडलं. चिठ्ठीवर कोबीचा जुना डाग होता. हा फोन कामाचा आहे असं मी ठरवलं. त्याच्या नावाने छापलेली गोष्ट बदलली जातेय, त्याला कळवायला हवं, कुणीही कळवलं असतं. एक आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून लावला. मी क्रेनच्या खड्ड्याच्या काठावर उभी होते. खाली येफ्ताकाका मडक्यावर ओलं फडकं घालत होते. चार वेळा वाजलं.

"हॅलो," तो इंग्रजीत म्हणाला.

"तिहो."

तिकडे खुर्ची सरकली. मग आमच्या भाषेत, वीस वर्षांत न बदललेल्या आवाजात, "आज स्लावा नाही."

"नाही. मी थिएटरच्या जागेवर आहे. तुझा चर निघाला. ग्लास अजून आहे." मग मी श्वास घेतला आणि एका दमात सांगून टाकलं. "तिहो, ती झ्द्रावित्सा नव्हती. गाळ होता. खाली चूल आहे, मडकं आहे. माझ्या दाताखाली कण आला होता आणि मी सांगितलं नाही. आज लिहून दिलंय तसं, माझ्या नावाने."

तिकडे कुणीतरी कप बशीत ठेवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"मीही चाखली होती. उडी मारून खाली आलो तेव्हा. माझ्याही आला."

हाताच्या पाठीने पुसलेले ओठ. चौतीस वर्षं मी ते हसू रविवारचं समजत होते. "मग सही का केलीस?"

"तू म्हणालीस ना, लागली." तो थोडा हसला असावा. "मलाही रविवार हवा होता, विदा."

मी काठावर खाली बसले, मातीतच. काकांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. रस्त्यावरून बस गेली, पत्र्याचं कुंपण वाजलं. मला वाटलं आता तो मुलीचं, हवेचं काहीतरी बोलेल, आणि मग आम्ही ठेवू. पण तो म्हणाला, "एक विचारू? धान्यबाजारातला तो दुसरा चर. बुडापेस्टहून मी विचारायचो आणि तू म्हणायचीस, अजून नाही. तिथे मला चाखता आलं नाही. तुझ्या शब्दावर राहिलो. ते तरी खरं होतं ना?"

हो म्हणणं सोपं होतं. तो बत्तीस वर्षं माझ्या त्या 'अजून नाही'वर उभा होता, त्याचं सगळं घर त्याच्यावर होतं. माझ्या दातांत अजून माती होती. जिभेने मी ती चाचपली.

"नाही," मी म्हटलं. "लागली होती. तुझ्या पहिल्या फोनच्या आधीच लागली होती. मी तीन आठवडे कोरी माती खरवडत बसले."

त्याचा श्वास ऐकू येत होता, लांबचा, जरा जड, वय झालेल्या माणसाचा. मी मोजला नाही किती वेळ. फोन ठेवला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. खाली काकांनी ग्लास भिंतीतून अलगद सोडवला होता आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत होते.

"सध्या किती खोल आहात?" शेवटी त्याने विचारलं.

"दोन मीटर साठ."

"लागली?"

"नाही," मी म्हटलं. "अजून खाली आहे."